साकळलेलें रक्त आणि न जिरणारी गांठ

श्रोतेहो, आमचें शिरवळ हें पुणें-सातारा हमरस्त्यावरचें गांव. मुका मार येथें नित्याचाच. कोणी दुचाकीवरून घसरतो, कोणास बैलाचा धक्का लागतो. रक्त साकळतें, आंबेहळदीचा लेप लागतो आणि बहुधा कांहीं आठवड्यांत सूज ओसरते. जी ओसरत नाहीं, तिच्याविषयीं आज मी बोलणार आहें. मी वैद्य नव्हे. परंतु ही माहिती घरोघरीं असावी असें मला वाटतें.

मांडींत किंवा खुब्याजवळ साकळलेलें रक्त क्वचित् जिरत नाहीं. त्याच्याभोंवतीं चिवट पिशवी तयार होते. आंतील जुन्या रक्तामुळें दाह होतो, नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, आणि त्यांतून पुनः रक्त झिरपतें. अशा रीतीनें गांठ वर्षानुवर्षें वाढूं शकते. मूळ रक्तस्रावानंतर महिना उलटूनहि वाढणाऱ्या अशा गांठींस १९८० सालीं अमेरिकेंतील रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वतंत्र विकार म्हणून ओळख दिली.

खरी अडचण पुढेंच आहे. ही गांठ सार्कोमा नांवाच्या कर्करोगासारखी दिसते. उलट सार्कोमांतहि रक्तस्राव होतो. रोगी सांगतो, “अहो, मी पडलों होतों ना!” तेवढ्या हकीकतीवर विसंबून कर्करोगाकडे दुर्लक्ष करणें प्राणघातक ठरेल, आणि साध्या रक्तगांठीस कर्करोग समजून धीर सोडणें हेंहि व्यर्थच.

एम. आर. आय. चित्रांत भोंवतालची काळी कडा व आंतील नव्याजुन्या रक्ताचे ठिगळासारखे भाग दिसतात. तथापि चित्र हा पुरावा होय, निकाल नव्हे. निकाल सूक्ष्मदर्शकाखालीं लागतो. त्यांतहि मधला तुकडा घेतल्यास केवळ रक्ताची गुठळी हातीं येण्याचा संभव असतो; तेवढ्यानें कर्करोग नाहीं असें ठरत नाहीं. म्हणून तुकडा कोठून घ्यावा, हें पुढें शस्त्रक्रिया करणाऱ्या शस्त्रवैद्याच्या सल्ल्यानेंच ठरावें.

गांठ रक्ताचीच ठरली, तरी सुईनें रक्त ओढून भागत नाहीं. पिशवी पुनः भरते. पिशवीसकट ती समूळ काढणें हाच खात्रीचा उपाय, आणि काढलेली गांठहि तपासावयास पाठवावी.

तात्पर्य एवढेंच. महिना उलटूनहि गांठ वाढत असेल, खोल असेल किंवा ५ सेंटिमीटरांहून मोठी असेल, तर ती चोळूं नका, कोणाकडून फोडून घेऊं नका. रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास डॉक्टरांस तेंहि सांगा. मार लागल्याची हकीकत अवश्य सांगा. मात्र तीवरून निदान स्वतः करूं नका.