मोसंबे आणि दोरा

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या, आणि शिवणाच्या डब्यातला एक दोरा. गोल नसेल तर मोसंबे चालेल, देठ म्हणजे उत्तर ध्रुव. माझे त्यावरच भागले.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानमधले टोकियो, या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. भिंतीवरच्या नकाशात टोकियो पूर्वेला, बरेच खाली दिसते. दोरा मात्र आधी ईशान्येला चढतो, सैबेरियावर आर्क्टिक वृत्त ओलांडतो आणि मग जपानकडे उतरतो. लबाडी नकाशाची आहे. हेलसिंकी साधारण साठ अक्षांशावर. तिथे पृथ्वीचा घेर विषुववृत्ताच्या निम्मा, म्हणजे जेमतेम २०,००० किलोमीटर. पण नकाशावर विषुववृत्ताची आणि साठ अक्षांशाची रेघ सारखीच लांब. दोऱ्याचे माप भरते सुमारे ७,८०० किलोमीटर. याच आखूड वाटेवर फिनएअर या फिनलंडच्या विमान कंपनीने आशियाचा मोठा धंदा उभा केला. साडेनऊ तासांत टोकियो!

पण दोऱ्याला सरहद्दी कुठे ठाऊक? शीतयुद्धात सोव्हिएत आकाश परक्या विमानांना बहुतांशी बंद होते. १९५७ पासून कोपनहेगनहून टोकियोला निघालेली विमाने ध्रुवाच्या अंगाने अलास्कात अँकरेजला उतरत, इंधन भरत आणि पुढे जात. युरोपला ये-जा करणाऱ्या जपानी प्रवाशांची तिथे एवढी वर्दळ, की विमानतळावर उदोन शेवयांचे दुकान चालायचे. १९८३ मध्ये फिनएअरने डीसी-१० विमानात जादा टाक्या बसवल्या आणि उत्तर ध्रुव, बेरिंगची सामुद्रधुनी असा वळसा घालून, कुठेही न थांबता टोकियो गाठले. पुढे रशियावरची वाट खुली झाली आणि हा वळसा इतिहासजमा झाला, असे सगळ्यांना वाटले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले. युरोपने रशियाच्या विमानांना आकाश बंद केले, रशियाने युरोपच्या. मार्चमध्ये फिनएअर पुन्हा ध्रुवावरून टोकियोला निघाली. सुमारे १३,००० किलोमीटर, तेरा तास. प्रवाशांना ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र मिळाले. हौसेला मोल नसते म्हणतात. इथे तिकिटात तीन-साडेतीन तासांचे जादा इंधन होते! ते इंधनही सांभाळायचे. जेट ए-१ उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागते आणि ध्रुवावरची हवा कधी त्याहूनही गार. म्हणून वैमानिक टाकीच्या तापमानावर डोळा ठेवून असतो. पारा फारच उतरला तर विमान जरा खालच्या, उबदार हवेत आणतो.

चीनच्या कंपन्यांना ही बंदी नाही. त्यामुळे हेलसिंकीहून शांघायला निघालेले चिनी विमान सैबेरियावरून सरळ जाते आणि त्याच धावपट्टीवरून उडालेले फिनिश विमान वळसा घेते.

आता दोरा पुन्हा घ्या. हेलसिंकीहून वर मोसंब्याच्या देठापाशी, तिथून पलीकडच्या बाजूने खाली बेरिंगकडे, मग जपान. मघाचा तुकडा पुरणार नाही. रिळातून आणखी सोडावा लागेल.