ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?

(स्त्री-उद्योजकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पापड-लोणची घरोघर विकणं आपल्याला नवं नाही. आज मी दुसऱ्या विक्रीबद्दल बोलणार आहे. एका धंद्याने दुसऱ्याला माल पुरवायचा : हॉटेलला मसाला, कारखान्याला गणवेश, सरकारी कचेरीला फायली. ही ऑर्डर पूर्वी ओळखीवर मिळायची. रात्री टपरीवर चहा पिता पिता सौदा ठरायचा. तिथे बाई पोचणार कशी?

आता ही खरेदी संगणकावर येते आहे. २०१६ साली केंद्र सरकारने 'जेम' हा सरकारी खरेदीचा ऑनलाइन बाजार सुरू केला. केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान ३ टक्के खरेदी स्त्रियांच्या सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करावी, असा नियम २०१८ मध्ये झाला. दार उघडलं. पण आत कोण गेलं?

मी बायकांना विचारते, 'उद्यम नोंदणी कुणाच्या नावावर?' 'माझ्या.' 'ओटीपी कुणाच्या मोबाईलवर?' 'ह्यांच्या.' 'पासवर्ड?' 'भाऊजींना माहीत.' म्हणजे सवलत बाईच्या नावावर आणि कारभार दुसऱ्याचा. सरपंचबाईंच्या खुर्चीमागचा सरपंचपती आपण ओळखतो. हा त्याचाच भाऊ!

दुसरा प्रश्न पैशांचा. मोठा ग्राहक माल उधारीवर नेतो आणि महिनोन् महिने फिरवतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत. मुदत लेखी ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रारही करता येते. पण त्यासाठी ऑर्डर, बिल आणि माल पोचल्याची पावती आपल्या हातात हवी. ती भाऊजींच्या मोबाईलमध्ये असून कसं चालेल?

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडा, कारण नोंदणीचा ओटीपी तिथेच येतो. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. पैसे जमा होतील ते खातं आपलंच हवं. पैसे कधी मिळणार, ती तारीख ऑर्डरवर लिहून घ्या.

'आम्हाला जमेल का?' असं म्हणू नका. चौघीजणी मिळून बसा, एकमेकींना शिकवा. अंगठ्याऐवजी सही करायला आपल्या आया-आज्या अशाच शिकल्या.