केरसुणीचे वतन : टोकियोतील असाकुसाची बाजारपेठ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



परदेशाहून आलेल्या माणसास दोन प्रश्न हटकून विचारले जातात. काय पाहिलेत, आणि काय आणलेत? टोकियोमध्ये सुमिदा नदीच्या काठी असाकुसा नावाचा भाग आहे. तेथे या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच वाटेवर सापडतात. देवदर्शनाचा मार्गच बाजारातून जातो. २०१९ मध्ये शासकीय कामानिमित्त आम्हांस जपानला जाण्याचा योग आला. सौभाग्यवती सोबत होत्या. सुटीचे दोन्ही दिवस आम्ही उभयतांनी याच पेठेत घालविले, आणि त्याचा आजही पश्चात्ताप होत नाही.

तेथे जावयाचे ते उएनो स्थानकावरून भुयारी रेल्वेने. उएनो ते असाकुसा हा सुमारे सव्वादोन किलोमीटरचा मार्ग ३० डिसेंबर १९२७ रोजी सुरू झाला. आशिया खंडातील ही पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. आपल्या देशात असा योग १९८४ मध्ये कलकत्त्यास आला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या छोट्याशा मार्गाचे मोल कळते.

स्थानकातून वर येऊन थोडे चालले की 'कामिनारिमोन', म्हणजे मेघगर्जनेचे द्वार, समोर उभे राहते. त्याच्या एका बाजूस वायुदेव व दुसऱ्या बाजूस मेघगर्जनेचा देव, आणि मधोमध जवळजवळ चार मीटर उंचीचा, सुमारे सातशे किलो वजनाचा लाल कागदी कंदील. मे महिन्यातील उत्सवात पालख्या दाराखालून जाऊ लागल्या की हा अवाढव्य कंदील घडी करून वर उचलून घेतात! जुने द्वार १८६५ च्या आगीत भस्मसात झाले होते. पुढे पंचाण्णव वर्षे ती जागा मोकळीच राहिली. विजेच्या उपकरणांचे प्रसिद्ध कारखानदार कोनोसुके मात्सुशिता यांनी आजारातून बरे झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून १९६० मध्ये आजचे द्वार बांधून दिले. नवस फेडण्याची रीत सर्वत्र सारखीच, असे म्हणावयास हरकत नाही.

या द्वारातून आत जाणारी सुमारे अडीचशे मीटर लांबीची पेठ म्हणजे 'नाकामिसे'. दोन्ही अंगांस मिळून नव्वदच्या आसपास लहान लहान दुकाने. पंखे, कंगवे, छत्र्या, बाहुल्या, सुती छापील पंचे यांची नुसती रेलचेल. 'कामिनारी-ओकोशी' नावाचा खाऊ पाहून आम्हांस घरचीच आठवण झाली. फुलविलेला तांदूळ पाकात घालून त्याच्या वड्या पाडावयाच्या, म्हणजे आपली कुरमुऱ्यांची चिक्कीच की! निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या खुसखुशीत चकत्याही मिळतात. मात्र चालता चालता खाणे तेथे गैर समजतात. घेतलेला पदार्थ दुकानासमोरच उभे राहून संपवावा, अशी विनंती असते. शाकाहारी मंडळींनी जेवणाच्या बाबतीत सावध असावे. जपानी रश्शात माशाचा अर्क सर्रास असतो.

पेठेच्या अखेरीस सेन्सोजी हे बौद्ध मंदिर आहे. परंपरा अशी सांगते की, ६२८ मध्ये सुमिदा नदीत मासे धरणाऱ्या दोघा भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली, आणि गावच्या प्रमुखाने आपल्या घराचेच मंदिर केले. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात कमळ धारण केलेला जो पद्मपाणी आपण पाहतो, त्याचेच हे जपानी नाव. मूर्ती गुप्त ठेवलेली आहे, ती कोणासही दाखवीत नाहीत. तरीही दर्शनार्थींची रीघ खंडत नाही.

येथे शंभर येन पेटीत टाकून, डबा हलवून क्रमांकाची काडी काढावयाची आणि त्या क्रमांकाच्या खणातील भविष्याची चिठ्ठी घ्यावयाची, असा प्रघात आहे. येथील चिठ्ठ्यांत अशुभ फळाचे प्रमाण बरेच असते. सौभाग्यवतींस उत्तम फळ मिळाले, आम्हांस प्रतिकूल! सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्यास प्रतिकूल शेऱ्यांचे भय नसते. शिवाय अशी चिठ्ठी तेथील दांडीस बांधून मागेच सोडून यावयाची सोय आहे. आपल्या गोपनीय अहवालांस ती नाही.

खरेदीची खरी मौज मात्र पश्चिमेस दहा मिनिटांवरील 'काप्पाबाशी' या रस्त्यावर. स्वयंपाकाची भांडी आणि हॉटेलांचे साहित्य यांची सुमारे आठशे मीटर लांबीची ही पेठ. हॉटेलांच्या दर्शनी कपाटात मांडावयाचे खाद्यपदार्थांचे हुबेहूब नमुने येथेच मिळतात. पूर्वी ते मेणाचे असत, आता कृत्रिम द्रव्यांचे करतात. एका सुऱ्यांच्या दुकानातील वृद्ध गृहस्थांनी सौभाग्यवतींस किमतीविषयी अवाक्षर काढण्यापूर्वी खुणांनी तीन गोष्टी विचारल्या. उजव्या हाताने चिरता की डाव्या? भाजी की मासळी? धार घरी लावता येते काय? मग मधल्या किमतीची भाजीची सुरी पुढे केली, महागडी नव्हे. गिऱ्हाइकाच्या हातास शोभेल तेच विकावे, हा त्या पेठेचा धर्म दिसला. सुरी विमानात हातातील सामानात चालत नाही, एवढे विसरू नये.

दुसऱ्या दिवशी नदीकाठाने चालत आम्ही मात्सुचियामा टेकडीवरील लहानशा मंदिरात गेलो. तेथील दैवत 'शोतेन', म्हणजे भारतातून चीनमार्गे गेलेला गजमुख गणपती! मूर्ती येथेही पडद्याआड. देवळावर जागोजागी पांढरा मुळा आणि पैशाची थैली ही चिन्हे कोरलेली. भाविक मुळा वाहतात, आणि वाहिलेले मुळे पुढे प्रसाद म्हणून लोकांस घरी नेता येतात. जानेवारीच्या सातव्या दिवशी शिजविलेल्या मुळ्याचा प्रसाद वाटण्याचा उत्सवही असतो. दूर्वा आणि जास्वंद यांवाचून देव अडून राहिला नाही. ज्या गावी गेला, तेथल्या मातीत पिकेल ते त्याने गोड मानून घेतले. घरापासून शेकडो कोस दूर गणेशोत्सव करणाऱ्या आपणां सर्वांस यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

आता आमच्या भाषणाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. नाकामिसेची ही दुकाने आली कोठून? सतराव्या शतकाच्या अखेरीस व अठराव्याच्या आरंभी एदो शहराची, म्हणजे आजच्या टोकियोची, वस्ती वाढली. देवळाचे आवार झाडण्याची सेवा आसपासच्या रहिवाशांकडे होती. त्या सेवेच्या मोबदल्यात त्यांस वाटेवर दुकान मांडण्याची मुभा मिळाली. वतन या शब्दाचा अर्थ आपणांस सांगावयास नको. पण हे वतन केरसुणीचे! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीस लक्ष्मी मानून हळदकुंकू वाहतो. ती कल्पना तेथे एका अख्ख्या पेठेच्या रूपाने उभी आहे.

१९२३ च्या भूकंपात ही पेठ उद्ध्वस्त झाली, १९२५ मध्ये पुन्हा बांधली गेली. १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात मंदिराचा मुख्य मंडप जळाला, दुकानेही आतून जळाली. लोकांनी पेठ सावरली, आणि १९५८ मध्ये मंडप काँक्रीटमध्ये पुन्हा उभा केला. २०१० मध्ये तर त्याच्या छपरावर टायटॅनियमची कौले चढली. साहित्य बदलले, वहिवाट बदलली नाही.

तथापि आगीपेक्षा सूक्ष्म असे संकटही असते. २०१७ मध्ये या दुकानांच्या इमारतींची मालकी टोकियो महानगर शासनाकडून मंदिराकडे आली, आणि २०१८ पासून भाडे टप्प्याटप्प्याने अनेक पटींनी वाढविण्यात आले. मंदिराचे म्हणणे असे की, जुने भाडे आसपासच्या दरांच्या मानाने फारच अल्प होते. तेही खोटे नव्हे. पण पिढ्यान्‌पिढ्या खाऊ नि पंखे विकणाऱ्या लहान दुकानदारास ते झेपावे कसे? आणि तो गेला, तर त्या वाटेवर जे उरेल त्यास नाकामिसे म्हणावे काय? सेवा आणि हक्क यांची जी गाठ एके काळी केरसुणीने बांधली, ती पैशाच्या हिशेबाने सुटू नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

आपल्या मंडळास पन्नास वर्षे झाली. या सभागृहावर आपणां सर्वांचा हक्क आहे, तो घटनेने आणि वर्गणीने मिळालेला आहे. पण कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करणारे, खुर्च्या रचणारे, आवार झाडून मगच घरी जाणारे जे मोजके हात येथे अर्धशतक राबले, त्यांनीच तो टिकविला. ते हात आता थकले आहेत. पुढच्या पिढीच्या हाती आपण मानपत्रे नि अध्यक्षपदे अवश्य द्यावीत, परंतु त्याआधी केरसुणी द्यावी, एवढीच आमची विनंती आहे.