सही चित्राखालीही हवी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण येत नाही. मला चौक लिहिता येतो. आम्ही वारली बाया चौक काढतो म्हणत नाही, लिहितो म्हणतो. लग्नघरात भिंत शेणानं सारवायची, गेरू लावायचा, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं. झाला कुंचला! मग सवाशिणी बसतात, चौकात मधोमध पालघट देवी येते, धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे मला कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. आई लिहायची, मी पिठाची वाटी धरून बसायची. तिथंच शिकले.

1970 नंतर ही चित्रं कागदावर, कापडावर आली. आपल्या डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी शेती, मासेमारी, तारपा नाच सगळं कागदावर उतरवलं. त्यांना 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. आपल्याला त्यांचा अभिमान आहेच. पण मी तुम्हाला एक विचारते. त्यांच्या आधी भिंतीवर लिहिणाऱ्या किती बायांची नावं तुम्हाला माहीत आहेत? मला तर माझ्या आजीच्या आधीची एकही सांगता येत नाही. भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं, त्याबरोबर नावही गेलं.

आता भिंत सोडून माल बाजारात जातोय, तरी आपलं नाव मागेच राहतंय. आमच्या समूहाचंच सांगते. एका व्यापाऱ्यानं 100 कापडी पिशव्या रंगवायला दिल्या. कापड त्याचं, रंग त्याचा, पिशवीमागे 25 रुपये. आम्ही खूश! पण एका पिशवीला अर्धा दिवस जायचा. सचिव ताईंनी वहीत हिशोब मांडला, तर दिवसाला 50 रुपये पडले. लावणीला गेलो असतो तरी जास्त मिळाले असते. पुढे तीच पिशवी प्रदर्शनात 350 रुपयांना दिसली, वर त्याच्या दुकानाचं नाव. त्याला मी बोल लावत नाही. आम्ही भाव विचारलाच नव्हता.

म्हणून आता आम्ही तीन गोष्टी ठरवल्यात. तुम्हीही समूहात बोला.

पहिली, दर आपण काढायचा. कापड 70, रंग 10, अर्ध्या दिवसाची मजुरी 150, वाहतूक आणि समूहाचा वाटा 20. झाले 250. त्याखाली नाही म्हणायचं. मजुरी धरायला विसरू नका, आपण नेमकं तेच विसरतो.

दुसरी, विकायच्या प्रत्येक वस्तूमागे करणारीचं नाव आणि गाव लिहायचं. लग्नाचा चौक देवीचा, तिथं नाव नको. पण बाजारात जातं त्यावर हवंच.

तिसरी, वारली चित्रांना 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालंय. पण ते नुसतं असून आपल्या हाती काही येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद व्हावी लागते. घरी कुंचला बाईच्या हातात असेल तर अर्जही तिच्या नावानं करा, नवऱ्याच्या नाही. अर्ज भरताना समूहाच्या सीआरपी ताईंची मदत घ्या.

टोपल्या विणणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायांनो, दर आणि नाव तुम्हालाही लागू.

माझी आई बँकेत अंगठा द्यायची. मी समूहात येऊन सही शिकले, तुमच्यातल्याही कितीजणी शिकल्या. कर्जाच्या कागदावर आपण हिमतीनं सही करतो. तीच सही आपल्या चित्राखालीही करा. एवढंच सांगायचं होतं.