तुमचा मालक कोण?

(परंडा येथे कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कामगारांच्या बाजूनं कोर्टात उभा राहणारा वकील आहे. काही दिवसांत इथल्या टोळ्या ऊसतोडीला निघतील. म्हणून आज एकाच प्रश्नावर बोलतो: तुमचा मालक कोण?

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडं आल्या. नवरा-बायकोचा एक कोयता होता. भरणी करताना नवरा ट्रॉलीवरून पडला, कंबर मोडली, तो कायमचा कामातून गेला. बाईंकडं एकच कागद होता, उचल देताना मुकादमानं अंगठा घेतलेला स्टॅम्प. त्यावरचं नाव बघून मी मुकादमावर भरपाईचा दावा टाकला. दावा जिंकलो. पण मुकादमाकडं होतं काय? तो स्वतःच कर्जात बुडालेला. निकालाची नक्कल बाईंच्या पेटीत राहिली, पैसा आला नाही.

ही चूक माझी होती. १९२३ च्या भरपाई कायद्यात कलम १२ होतं. मालकानं आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर भरपाई थेट मालकाकडं मागता येत असे. मी कारखान्याला पक्षकार केलंच नाही. कारखान्यानं विरोध केला असता, विचारलं असतं, 'हा आमचा माणूस कशावरून?' पण लढायला जागा होती, ती मी सोडली.

हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये आपल्या कितीतरी आया-बहिणी आहेत. तिथंही पान-तंबाखू मालकाचा, विडी मालकाची, आणि मधे एक ठेकेदार. मजुरीचा विषय निघाला की मालक म्हणायचा, 'त्या माझ्या कामगार नाहीत, ठेकेदाराला विचारा.'

तमिळनाडूतल्या सेलमच्या विडी कामगारांची युनियन याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. दिवाण मोहिदीन साहेब खटला म्हणून तो ओळखला जातो. १९६४ साली निकाल लागला. कोर्टानं करारावरची सही बघून विषय संपवला नाही. माल कुणाचा, तयार विडी कुणाकडं जाते, मधल्या माणसाच्या हातात खरोखर काही आहे का, हे तपासलं. मग सांगितलं की हा मधला माणूस नावाचाच ठेकेदार, प्रत्यक्षात मालकाचा हस्तक; कामगार मालकाचेच. पुढं १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा त्यात कामगार ठरली.

तो निकाल विडीचा आहे. ऊसतोडीला तो आपोआप लागू होत नाही, प्रत्येक दाव्यात पुरावा नव्यानं द्यावा लागतो. पण प्रश्न तेच विचारायचे. आज कुठला फड तोडायचा, हे कोण सांगतं? चिटबॉय. त्याला पगार कोण देतं? ऊस कुणाच्या काट्यावर जातो? कोपी कुणाच्या जागेत आहे? उत्तरं तुम्हाला पाठ आहेत. कोर्टाला मात्र ती कागदावर लागतात.

म्हणून यंदा जाताना एवढं करा. चिटबॉयनं दिलेली चिठ्ठी फेकू नका. काट्याच्या पावतीचा मोबाईलवर फोटो घ्या. ट्रॅक्टरचा नंबर, फडाचं गाव आणि तारीख वहीत लिहा. उचलीच्या स्टॅम्पची प्रत मागून घ्या. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. वही लिहायला पोरीला सांगा, ती शाळा शिकलेली आहे.

दुसरी गोष्ट युनियनची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणं कामगाराची बाजू युनियनचा पदाधिकारी मांडू शकत असे. वकिलाला मात्र समोरच्या पक्षाची संमती आणि कोर्टाची परवानगी लागायची. आता श्रम संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, पण ही तरतूद टिकली आहे. याचा अर्थ ओळखा. वकील शेवटी येतो. त्याच्या आधी कागद जमवणारी, साक्षीदार उभे करणारी, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात हेलपाटे घालणारी माणसं तुमच्यातलीच लागतात. एकटा कोयता मुकादमाला विचारू शकत नाही, पन्नास कोयते कारखान्याला विचारू शकतात.

आणि फी नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं साधा अर्ज करायचा.

त्या बाई मला अजून भेटतात. तक्रार करत नाहीत, त्याचंच जास्त लागतं. मागच्या भेटीत एवढंच म्हणाल्या, 'साहेब, आमचा मालक कोण ते तुम्हीच आम्हाला विचारायला पाहिजे होतं.' खरं आहे. म्हणून आज तुम्हाला आधीच विचारतोय.