रोजची एक मूठ

(मठाच्या वर्धापनदिनी, सुदामा नगर, इंदूर येथे पाठशाळेतील एका शिष्याने केलेले भाषण)

 

आज बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आपल्यासारख्या जाणत्यांपुढे मी शास्त्रार्थ तो काय सांगावा, असा संकोच वाटला. म्हणून जे रोज माझ्या हातून घडते त्याविषयीच चार शब्द बोलतो.

पाठशाळेच्या दाराशी एक फळा आहे. सकाळचे पाठ आटोपले की त्यावर भाषा, इतिहास अथवा संस्कृती यांविषयीची एखादी माहिती खडूने लिहावी, हे काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. जाणारे-येणारे दोन ओळी वाचतात आणि आपापल्या वाटेने जातात. एवढ्याने कोणी विद्वान होतो काय, असे एका गृहस्थांनी मला विचारलेही. त्यांचे उत्तर आपल्या वसाहतीच्या नावातच आहे, असे मला वाटते.

सुदाम्याची कथा श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात, ८० व ८१ या अध्यायांत आली आहे. तेथे त्या दरिद्री ब्राह्मणाचे नाव दिलेले नाही. तो श्रीकृष्णाचा कोणी एक ब्राह्मण सखा, एवढेच म्हटले आहे. सुदामा हे नाव त्याला परंपरेने दिले. त्याच स्कंधात सुदामा नावाचा मथुरेचा एक माळी मात्र भेटतो. हे फळ्यावर लिहिले त्या दिवशी काही जण रागावले. "मग आमच्या नगराचे नाव खोटे की काय?" नाव खोटे नाही. ग्रंथ काय सांगतो आणि परंपरा काय सांगते, हे निरनिराळे ओळखावे आणि दोहोंचाही मान राखावा, इतकेच.

त्या ब्राह्मणाने सख्यासाठी काय नेले? पत्नीने शेजारून मागून आणलेले चार मुठी पोहे. संस्कृतात त्यांना पृथुक म्हणतात. प्राकृताच्या वाटेने त्याचाच आपला पोहा झाला. इंदुरात ज्याच्या सकाळी पोहे नाहीत असे घर विरळा. परंतु त्या बशीत भाषेचा केवढा इतिहास आहे पाहा. हळद ही हरिद्रा, जिरे हे जीरक. बटाटा मात्र पोर्तुगीजांच्या बोलीतून आला, आणि आता तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. भाषासुद्धा शेजारून मागून आणते आणि त्यावर घर चालवते. त्यात तिला उणेपणा नाही.

आपल्या मुलांच्या कानांवर घरी मराठी आणि बाहेर हिंदी पडते. एका विद्यार्थ्याने मला विचारले, "शाळेत शिक्षा चांगली आणि घरी शिक्षा वाईट, हे कसे?" प्रश्न मार्मिक होता. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड, आणि आमच्या पाठशाळेत सहा वेदांगांपैकी वर्णोच्चाराचे शास्त्र. शब्द एक, घरे तीन. ज्या मुलाला हे उमगले तो कोणत्याही भाषेला हसणार नाही, आणि स्वतःच्या भाषेची लाजही धरणार नाही.

आता माझी चूक सांगतो. एकदा मी लिहिले, "देवी अहिल्याबाईंनी आपल्या इंदूर राजधानीतून राज्य केले." पुस्तक उघडून पाहिले नव्हते, सगळेच म्हणतात म्हणून लिहिले. दुपारी महेश्वर माहेर असलेल्या एक वृद्ध आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, देवी राहिल्या आमच्या महेश्वरात, नर्मदाकाठी. तुम्ही त्यांना इंदुरास केव्हा आणून बसवले?"

आजींचेच खरे होते. १७६७ मध्ये कारभार हाती घेतल्यावर १७९५ मध्ये देह ठेवीपर्यंत अहिल्याबाईंनी महेश्वराहून राज्य चालवले. इंदूर ही होळकरांची राजधानी झाली ती १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर. मी मुकाट्याने फळा पुसला. स्वामीजी ओसरीवरून पाहत होते. ते म्हणाले, "पुसलेस हे ठीक. पण सकाळी जे वाचून गेले, त्यांच्या मनातले कोण पुसणार?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. विद्यार्थ्यांसमोर चूक कबूल केली तर मान जाईल, ही भीती विद्येची नव्हती, अहंकाराची होती. दुसऱ्या दिवशी पहिली ओळ लिहिली, "काल येथे लिहिले ते चूक होते," आणि खाली महेश्वराचा वृत्तांत दिला. मान गेला नाही. उलट मुले तेव्हापासून मला विचारतात, "गुरुजी, हे कोठे लिहिले आहे?" माझ्या आजवरच्या अध्यापनाला याहून मोठे फळ आले नाही.

म्हणून त्या गृहस्थांना माझे सांगणे एवढेच, की मूठ लहान असते याचे वाईट वाटू नये. परंतु पोहेही निवडून, चाळूनच शिजवावे लागतात. खडा राहिला तर खाणाऱ्याच्या दातांखाली येतो. ऐकलेली गोष्ट पारखल्यावाचून पुढे देऊ नये, आणि चुकल्यास ज्यांना दिली त्यांच्याच समोर सुधारावी. आपल्या घरातल्या वृद्धांपाशी शब्द आहेत, गावांच्या आठवणी आहेत. त्यांतली एकेक मूठ पाठशाळेत आणून द्यावी. फळा दाराशीच आहे, आणि चूक दाखवणाऱ्यांचे तेथे विशेष स्वागत आहे.