खिडकीमागच्या माणसाचे शिक्षण

(हिंजवडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हिंजवडीचे नाव निघाले की संगणकाच्या कंपन्या आणि वाहनांच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. या वसाहतीभोवती, ताथवडे-मारुंजीपर्यंतच्या पट्ट्यात, अभियांत्रिकीची आणि व्यवस्थापनाची जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांच्याकडे चळवळीचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. लातूर, बीड, बुलढाण्याकडून येणारी मुलेमुली येथे एकेका खोलीत तीन-चार खाटा टाकून राहतात आणि मेसच्या डब्यावर दिवस काढतात. महाविद्यालयात त्यांची पहिली गाठ प्राध्यापकाशी पडत नाही, ती कचेरीच्या खिडकीशी पडते. त्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाचे शिक्षण कोणी आणि काय केले, हा आजचा विषय आहे.

विषय किरकोळ वाटेल. पण शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. शुल्कासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजना आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी देण्याचा निर्णय शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला. प्रत्येक योजनेची अट निराळी, दाखले निराळे. यांतले कोणते कोणाला लागू, हे ज्याने सांगायचे तोच माणूस अर्धवट माहितीचा असेल, तर एका दाखल्यासाठी गावी जाऊन येण्याचा खर्च आणि बापाची बुडालेली मजुरी कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. अज्ञानाची ही किंमत नेहमी खिडकीच्या बाहेर उभा असलेलाच भरतो.

हा कारकून दुष्ट असतो असे मुळीच नाही. त्याला हे काम कोणी शिकवलेलेच नसते. महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकारी म्हणजे आपला विषय शिकवून उरलेल्या वेळात जादा भार वाहणारा अध्यापक. (पूर्वी या पदाला विद्यार्थी कल्याण अधिकारी म्हणत. कल्याणाचा विकास झाला, भार तसाच राहिला.) वसतिगृहाचा रेक्टर तर बहुधा जो नाही म्हणू शकत नाही तो होतो. कुलसचिवाच्या कचेरीतील बहुतेक ज्ञान टेबलावरून टेबलावर तोंडी चालत येते.

अमेरिकेत हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात पहिल्या महायुद्धाच्या सुमारास विद्यार्थिनींच्या सल्लागारांसाठी पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले. 1937 साली तेथील शिक्षण परिषदेने एक निवेदन काढून, विद्यार्थ्याचा विचार केवळ बुद्धीचा नव्हे तर संपूर्ण माणसाचा व्हावा, अशी भूमिका मांडली. आज तेथील अनेक विद्यापीठांत उच्च शिक्षणाचे प्रशासन आणि विद्यार्थी-व्यवहार या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते. कायदा, अर्थव्यवहार, समुपदेशन, वसतिगृहांची व्यवस्था, तरुण मनाची वाढ हे सारे त्यात शिकावे लागते.

यावर आपल्याकडे ठरलेला आक्षेप येतो: कर्मवीर भाऊरावांनी कोणती पदवी घेतली होती? साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले, ते कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात? आक्षेप मोठा आहे, पण तो भाऊरावांनाच मान्य झाला नसता. 1935 साली त्यांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय काढले. खेड्यातल्या मुलासाठी त्यागी माणूस पुरत नाही, त्याला काम यावेही लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याग दुसऱ्याकडून मागता येत नाही, कौशल्य मात्र शिकवता येते.

राष्ट्रीय पातळीवर ही गोष्ट कोठारी आयोगाने 1966 मध्येच लिहून ठेवली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. विद्यार्थी-सेवा हा शिक्षणाचाच भाग मानावा, त्यासाठी पूर्णवेळ अधिष्ठाता नेमावा, हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक समुपदेशक असावा, असे आयोगाने सुचवले. पुढे 1970 साली दिल्लीत शैक्षणिक नियोजक व प्रशासकांसाठी राष्ट्रीय महाविद्यालय झाले, 1979 मध्ये त्याची राष्ट्रीय संस्था झाली, 2006 मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जुन्नरच्या महाविद्यालयातील लिपिकाला दिल्ली दूर आहे, आणि तेथील इंग्रजी त्याहून दूर.

मग मधल्या काळात महाराष्ट्रात काय घडले? 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. जागा वाढल्या, परप्रांतात जाणारी मुले येथे शिकू लागली, हे नाकारू नये. परंतु शासनाचे वेतन-अनुदान नसलेल्या संस्थेत शुल्क हाच प्राणवायू होतो, आणि शुल्कवसुली हे कचेरीचे मुख्य काम होऊन बसते. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून उशिरा यायची, तोवर संस्थेने तगादा मुलाकडे लावायचा, हा क्रम सरकारच्या उशिरामुळेच चालतो. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, अशी अधिसूचना विद्यापीठ अनुदान आयोगाला 2018 मध्ये काढावी लागली, यावरून काय ते समजावे. अशा कचेरीत मनुष्यबळ भरपूर असते ते नोकरी मिळवून देणाऱ्या विभागात, कारण त्याच्या आकड्यांवर पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरतात. शेजारच्या कंपनीत नोकरदाराची रजा आणि तक्रार पाहायला स्वतंत्र विभाग असतो. विद्यार्थ्याची तक्रार पाहायला बहुधा एक समिती असते, आणि समितीचा एक फलक.

म्हणून नुसते शिक्षण मागणे पुरेसे नाही. व्यवस्थापनशास्त्राच्या अंगाने निघालेल्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याकडे ग्राहक म्हणून पाहण्याची वृत्ती सहज शिरते. तेथून तयार झालेला कुशल अधिकारी चालकांचाच हात बळकट करील. कुशल अधिकाऱ्यासमोर निवडून आलेला विद्यार्थी बसलेला असला पाहिजे. 1994 च्या कायद्याने निवडणुकीच्या जागी गुणवत्तेवरची नेमणूक आणली, 2016 च्या कायद्याने निवडणूक परत दिली, आणि 2019 मध्ये जाहीर झालेले वेळापत्रक विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून पुढे ढकलले गेले. हिंसेच्या भीतीने ज्या निवडणुका बंद पडल्या, त्या इतक्या वर्षांत शिस्तीने कशा घ्याव्यात, हेही शिकण्याजोगे प्रशासनच होते.

मागणी अगदी साधी आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने मुख्याध्यापकांसाठी शालेय व्यवस्थापनाची पदविका मराठीत चालवली. त्याच धर्तीवर महाविद्यालयांतील लिपिक, रेक्टर, ग्रंथपाल आणि विद्यार्थी विकास अधिकारी यांच्यासाठी नोकरी सांभाळून करता येईल असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सार्वजनिक विद्यापीठांनी काढावा, त्याचे शुल्क संस्थेने भरावे, आणि तो पूर्ण करणाऱ्या लिपिकाला बढतीत त्याचा लाभ मिळावा. अभ्यासक्रमाच्या मंडळावर कर्मचारी संघटनांचा आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी असावा. खाजगी व अभिमत विद्यापीठे 2016 च्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. त्यांच्यासाठी वेगळा आग्रह धरावा लागेल.

पुणे विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा आहेत. या पट्ट्यात पदवीधर घरोघरी आहेत, मात्र पदवीधर म्हणून नाव नोंदवलेले फार थोडे. येत्या निवडणुकीपूर्वी वाकड, हिंजवडी आणि मारुंजीच्या शाखांनी नोंदणीचे अर्ज हाती घ्यावेत, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या अभ्यासक्रमाबद्दल लेखी उत्तर मागावे.